दगा आबांच्या वांग्याचं बी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, डिंडोलीच्या ज्या पडीक प्लॉटवर माझी वाडी उभी राहिली त्याचे मालक, श्रीमान लक्ष्मणशेठ. महिला मंडळाच्या प्रमुख मंगलाबाई, ज्यांच्या हातात आत्ता ओटीचं ताट आहे. चाळीसेक वर्षं सुरतेच्या कापडाच्या लूमवर घालवून आता खानदेशातल्या गावी निघालेले आजचे सत्कारमूर्ती, आपल्या सगळ्यांचे दगा आबा. पहिल्या रांगेत नवा सूट घालून घाम पुसत बसलेले बारडोलीचे किरणराव आणि त्यांचे आईवडील. किरणरावांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेली आबांची नात हर्षदा. आणि लिंबायतच्या गल्ल्यागल्ल्यांतून रात्रपाळी बुडवून, म्हणजे खरं सांगायचं तर भरिताच्या वासाने आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

सर्वांना नमस्कार.

सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'तरुण, होतकरू सेंद्रिय शेतकरी लखन' अशी करून दिली. त्यांचे आभार. तीन वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये याच माणसाने मला, माझ्या आईच्या नावाने, 'सुभद्राबाईंचा वाया गेलेला' म्हटलं होतं. बढती मिळाली की माणसाने आभार मानावेत.

मला कार्यक्रम असा सांगितलाय, की मी आबांच्या गौरवाचे दोन शब्द बोलायचे, मग वांग्याच्या बियाण्याची पुरचुंडी मंगलाबाईंच्या ताटात ठेवायची, त्या ती हर्षदाच्या ओटीत घालतील, टाळ्या होतील, आणि पंगत बसेल. पुरचुंडीचं हे काय प्रकरण आहे ते बारडोलीच्या पाहुण्यांना माहीत नसेल. म्हणून सांगतो.

आबांच्या घराण्यात भरिताच्या वांग्याचं बी विकत नाहीत आणि परक्याला देत नाहीत. ते लेकीच्या ओटीतून जातं. हे वांगं कसं, तर हिरवं, पोटाला पांढरं, आणि एवढं थोरलं की एक भाजलं तर चार माणसं जेवतात. आबांची बायको, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो, लग्नात हे बी कमरेला बांधून आली. पुढे लूमसाठी आबा सुरतेला आले आणि बी मागे गावात राहिलं. गावाने काय केलं? हायब्रीड लावलं. आता सगळ्या शिवारात त्या वांग्याचं एक झाड नाही. उरली होती ती आजींच्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली एक पुरचुंडी, पत्र्याच्या पेटीत.

ती माझ्याकडे कशी आली? मी तर परका.

हर्षदाने आणून दिली. असं माना डोलावू नका, आबांना विचारून आणली होती. सगळी नाही, अर्धी. तेव्हा मी नुकतंच कॉलेज सोडलेलं. हजेरीवरून सरांनी वर्गात उभं केलं, मी पुन्हा बसलोच नाही, बाहेर पडलो तो अजून बाहेरच आहे. लूमवर जायचं नव्हतं. मोबाइलवर दिसलं, की लोक थोड्याशा जागेत विषाशिवाय भाजी पिकवतात, रोज ताजी विकतात आणि वर हसतातही. मी लक्ष्मणशेठकडे गेलो. ते म्हणाले, "प्लॅन पास होईपर्यंत कर तुला काय करायचं ते. डुकरं बसण्यापेक्षा तू बसलेला बरा." हे वाक्य मी विसरलेलो नाही, शेठ. हसताय, हसा.

हर्षदा गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी खालून ओरडून सांगितलं, "वाडी करतोय!" ती वरून म्हणाली, "परीक्षा झेपली नाही तुला, वांगं झेपेल?" मी म्हटलं, "बी दे, मग सांगतो." इतकंच. पुढची तीन वर्षं या एका वाक्यात जातील हे मला कुठे ठाऊक होतं?

आता माझ्या शहाणपणाची पहिली गोष्ट ऐका. माती उघडी ठेवायची नाही, वर आच्छादन घालायचं, ते कुजतं आणि मातीचं खाणं होतं, हे मी शिकलो होतो. लोक पेंढा घालतात, पाला घालतात. लिंबायतमध्ये पेंढा कुठे? आमच्याकडे काय आहे? घराघरात साड्यांचे धागे कापणाऱ्या बाया आहेत आणि गल्लीगल्लीत चिंध्यांचे ढीग आहेत. माझी आईही धागेच कापते. मी म्हटलं, कापड म्हणजे कापूस, कापूस म्हणजे झाड, कुजेल. पोती भरभरून चिंध्या नेल्या आणि वाफ्यांवर अंथरल्या. लाल, पोपटी, जरीच्या. वाडी अशी दिसत होती जसं एखाद्या मंत्र्याच्या सभेनंतरचं मैदान. आई दारात कपाळाला हात लावून म्हणाली, "बापाने चिंध्या विणल्या, मी चिंध्या कापल्या, हा आता चिंध्या पेरतोय."

आबा रोज संध्याकाळी यायचे. उपड्या बादलीवर बसायचे, तंबाखू मळायचे, बघायचे. मी विचारलं, "आबा, बरोबर आहे ना?" आबा म्हणाले, "माले काय इचारस रे आंडोर? तुन्या मोबाइलले इचार." आंडोर म्हणजे पोरगा, पाहुण्यांसाठी सांगतो.

रोपं आली, वीतभर झाली आणि पिवळी पडून बसली. चिंध्या उचलून पाहिलं. खाली माती कोंदटलेली, मुळं सडलेली, गोगलगायींची वसाहत, आणि चिंध्या? चिंध्या नव्या नवरीसारख्या! रंगसुद्धा गेलेला नव्हता. सुरतेचं कापड कुजत नाही. पॉलिस्टर आहे ते. लूमच्या आवाजात जन्मलेल्या पोराला हे कळू नये? पण मंडळी, ज्यांनी उभं आयुष्य तोच धागा जोडला त्यांनी बादलीवर बसून बघत राहावं? मी विचारलंच. म्हटलं, "आबा, तुम्हाला माहीत होतं." तंबाखू थुंकून म्हणाले, "कापूस मरी गया सुरतमा. तुले निरोप नही उना?"

हसू आलं ना? सगळ्या हॉलला आलं. मलाही आलं होतं, दोनएक महिन्यांनी. आबा गुरू म्हणून असे आहेत. खड्ड्यात पडण्याआधी हाक मारत नाहीत. पडल्यावर खोली सांगतात. असा गुरू लाभायला भाग्य लागतं. टाळ्या होऊन जाऊ द्या.

हर्षदा त्या दिवशी मात्र हसली नाही. ती वाफ्यात बसून एकेक चिंधी उपसत होती. बोटं चिखलाने काळी. म्हणाली, "उरलेलं अर्धं बी मी मागते आबांकडून. पण या वेळी विचारल्याशिवाय काही घालू नकोस." "कोणाला विचारू?" "मला विचार." किरणराव, तुम्ही पाणी प्या. इथे गरम होतं.

बरं, आता तुमचाच विषय आहे. आच्छादनाला खरं कुजणारं काय मिळेल, हे शोधत मी बारडोलीला गेलो. तिकडे उसाचं पाचट शेतात जाळतात, ते मागायला. एका बांधावर एक सज्जन गृहस्थ उभे होते. म्हणाले, "न्या की हवं तेवढं. टेम्पो माझाच आहे, मीच पोचवतो." हे किरणराव. देवमाणूस! स्वतः टेम्पो हाकत डिंडोलीला आले, पाचट उतरवलं, हर्षदाने दिलेला चहा प्यायले. मग पुन्हा आले. मी म्हटलं, "भाऊ, पाचट अजून पुष्कळ पडलंय." तर म्हणाले, "असू द्या, कमी पडेल." मला वाटलं, काय हा माणूस! निसर्गावर किती प्रेम!

हर्षदाने आणलेलं उरलेलं अर्धं बी सगळं पेरलं. पाचट छान कुजलं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. मातीत गांडुळं आली. माती हातात घेतली की ओल्या गुळासारखी फुटायची. झाडं कमरेला लागली. वांगी अशी चकाकत होती की मी पहिली टोपली डोक्यावर मिरवत लिंबायतच्या बाजारात आणली आणि ओरडलो, "गावचं वांगं! विषाशिवायचं!" तासाभरात टोपली रिकामी. आणि दुसऱ्या सकाळी, मंगलाबाई, तुम्हाला आठवतं ना? चिरलेलं वांगं घेऊन तुम्ही आमच्या दारात. अर्धी गल्ली गोळा झालेली. "विष नाही म्हणतोस, मेल्या, पण ही आत कोण राहते?" आत अळी होती. सगळ्यात होती. वरून तुकतुकीत, आत बोगदे. पुढे महिनाभर पोरं मला बघून 'अळीवाला, अळीवाला' करायची. शेठ, तुमची नातवंडंही होती त्यात.

आबांनी त्या वेळी मात्र तोंड उघडलं. बहुतेक पेटीतलं बी संपलं म्हणून. वाडीत आले, झाडाचा एक मान टाकलेला शेंडा दाखवला, मधून मोडला. आत अळी. म्हणाले, शेंडा मान टाकतो तेव्हा ती आत शिरलेली असते. रोज सकाळी फिरायचं, असे शेंडे खुडायचे आणि आतली अळी पाण्यात बुडवून मारायची. एक दिवस आळस केलास की फळ गेलं. फवारा नाही, औषध नाही. नुसते डोळे आणि बोटं. त्या हंगामातली जी दोन-चार वांगी निरोगी निघाली ती आम्ही झाडावरच पिवळी होऊ दिली. त्यांचं बी धुतलं, राखेत घोळलं, सावलीत वाळवलं, आणि आजींच्या त्याच लुगड्याच्या तुकड्यात बांधलं. पुन्हा पेरलं, सगळंच्या सगळं.

आणि रोज उजाडताना मी आणि हर्षदा शेंडे खुडत फिरलो. ती एका ओळीने, मी दुसऱ्या. बोलायचो त्या झाडांच्या वरून. काय बोलायचो ते या माइकमध्ये सांगण्यासारखं नाही. म्हणजे वाईट नाही, इतकं साधं की तुम्ही हसाल. ती म्हणायची, "लखन, इथे कोथिंबीर लाव, इथे झेंडू लाव, किड्यांना चकवायला." मी लावायचो. तिने सांगितलं असतं इथे दगड लाव, तर मी त्यालाही पाणी घातलं असतं. मान टाकलेला शेंडा मला लांबून ओळखता यायला लागला. शेजारच्या ओळीतलं मात्र दिसलं नाही.

शेठ, घड्याळ दाखवू नका. आलोच.

या थंडीत वांगी लागली. तुम्ही सगळ्यांनी खाल्लीत. याच हॉलच्या मागे काड्या पेटवून आपण भरीत केलं तेव्हा मागच्या गल्लीतले कारागीर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा तुकडा हातात धरून रडले, मी पाहिलं. आबांनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावलाच नाही. लूमने आबांचे कान खाल्ले, त्यांना हवं तेवढंच ऐकू येतं. पण नाक आणि जीभ शाबूत आहे. म्हणाले, "तेच शे." दोनच शब्द. मला वाटलं, जिंकलो.

वेडा! दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आबांकडे गेलो. म्हटलं, "आबा, हर्षदासाठी विचारायला आलोय." आबा आरशात बघून दाढी करत होते. गालावरचा फेस पुसला नाही, मागे वळले नाहीत. आरशातल्या मला म्हणाले, "बी मनं शे. जमीन शेठनी शे. पाणी महापालिकानं शे. पाचट किरणरावनं शे. तुनं काय शे?"

मी जिना उतरलो. खाली हर्षदा होती. तिने ऐकलं होतं. मी म्हटलं, "तू तरी बोल." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. म्हणाली, "तू हरत होतास ना, तेव्हा मला विचारायचास. वांगी लागली आणि तू विचारणं सोडलंस. आबांकडे गेलास, मला विचारलंस?" मी म्हटलं, "आता विचारतो." ती म्हणाली, "आता बारडोलीला होकार गेला."

पुढच्या रविवारी साखरपुडा. पेढे मी वाटले. लोक म्हणाले, "लखन किती मोठ्या मनाचा!" आणि आबांनी सगळ्यांदेखत पाठीवर हात ठेवून सांगितलं, "काही वांगी झाडावर पिकू दे रे. हर्षदानी ओटी भराले बी लागीन. थोडं मी गावले लई जासू." मी म्हटलं, "हो आबा." आपल्या या खानदेशी मंडळाने लगेच ठराव केला की निरोपाच्या दिवशी भरीतही माझ्याच वाडीचं आणि बीही माझ्याच हातून. केवढा मान!

आता आबा, मघापासून तुम्ही नाक वर करून हुंगताय. मी पाहतोय. हॉलच्या मागे शिरलात तेव्हाच तुम्ही मला विचारलंत, "काड्या कशान्या शेत रे?" आणि मी म्हटलं, भाषणात सांगतो. बाकीच्यांना नुसता भरिताचा वास येतोय. तुम्हाला धुराचा येतोय. भरीत कपाशीच्या काड्यांवर भाजतात, हे खानदेशातलं पोर सांगेल. पण सुरतेत कपाशी कुठे? कापूस मरी गया सुरतमा, निरोप तुम्हीच दिला होतात.

वांग्याच्या काड्या आहेत त्या, आबा. आपल्याच वांग्याच्या.

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी मी वाडीत गेलो. झाडावर जेवढी वांगी होती तेवढी तोडली. मोठी, मधली, बोटाएवढी. एकही पिवळं होऊ दिलं नाही. कोवळ्या वांग्याचं बी उगवत नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत. वांगी ओल्या गोणपाटात ठेवली. मग झाडं उपटली. सगळी. मुळासकट. तुम्ही गावी निघायच्या बांधाबांधीत होतात, वाडीकडे कोणी फिरकलं नाही. सुरतेचं ऊन काय आहे ते तुम्हाला माहीत आहे; चार-सहा दिवसांत काडी वाजायला लागली. होळीला अजून अवकाश आहे म्हणतात. माझी आज झाली. त्या झाडांवरचीच वांगी त्या झाडांच्या जाळावर भाजली गेली आहेत. गेल्या वर्षीच्या बियांचा एक दाणाही मागे ठेवलेला नाही, तुमच्या गावात कोणाकडे नाही, माझ्याकडे नाही. जे होतं ते आता त्या पातेल्यात आहे, मिरची-लसणाबरोबर कुटलेलं.

बसा, बसा. किरणराव, तुम्ही का उठलात? तुम्हाला बारडोलीत वांग्याची काय कमी? शेठ, माइक बंद करायचा तर करा, मला ओरडायची सवय आहे. लूमवाल्यांच्या गल्लीत वाढलोय. आई, तू तोंडाला पदर लावू नकोस. तुझ्या चिंध्या मी सगळ्या परत आणल्या होत्या, आठव.

आबा, तुम्ही विचारलं होतंत, तुनं काय शे. पंधरा दिवस डोकं खाजवून उत्तर आणलंय. बी तुमचं, जमीन शेठची, पाणी महापालिकेचं, पाचट किरणरावांचं. झाडं माझी होती. रोज पहाटे ज्यांचा शेंडा न् शेंडा मी बघितला, ती माझी होती. म्हणून ती उपटायला मला कोणाला विचारावं लागलं नाही.

हर्षदा, तू बघत नाहीयेस, पण ऐकते आहेस. या वेळीही तुला विचारलं नाही. तू म्हणालीस ते खरंच निघालं.

मंगलाबाई, ताट पुढे करा. असं मागे घेऊ नका, ओटी रिकामी जाऊ नये म्हणतात. ही घ्या आजींच्या लुगड्याची चिंधी. बी नाही, पण लुगडं तेच आहे, आजींच्या हातच्या घड्या अजून दिसतात. आणि हर्षदा, ही सुती आहे. अस्सल. बारडोलीच्या काळ्या मातीत कुठेही पुरलीस, तर येत्या पावसाळ्यापर्यंत हिचा मागमूस राहणार नाही. सुरतेत एवढं तरी कुजणारं मिळालं, यात समाधान मान.

आता रीत पाळतो. मंडळाने मला बोलायची संधी दिली, त्याबद्दल पदाधिकाऱ्यांचा ऋणी आहे. लक्ष्मणशेठ, प्लॉट मोकळा झालाय, वाफे सपाट करून दिलेत, उद्यापासून डुकरं बसवा की इमारत. आबांना गावी निरोगी दीर्घायुष्य लाभो. बादली मी वाडीत ठेवली आहे, जाताना घेऊन जा, तिकडे बसायला लागेल. बोलण्याच्या ओघात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर लहान समजून पोटात घाला.

आणि भरीतही पोटात घाला. गार झालं की त्याला चव राहत नाही. आबा, पहिलं पान तुमचं. सावकाश जेवा. पुन्हा मिळणार नाही.

जय खानदेश.